तीन दिवस कमी पडले

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची घंटा आहे. देवळातली नव्हे आणि शाळेतलीही नव्हे. माझा जन्म बैलाच्या गळ्यासाठी झाला आणि आयुष्य गेलं ग्रामपंचायतीच्या टेबलावर. हसू आलं ना? येऊ द्या. पहिली काही वर्षं मलाही यायचं.

आम्ही दोघी होतो. बैल जोडीनं जुंपतात, म्हणून घंटाही जोडीनं ओततात. एकीचा आवाज जाड, एकीचा बारीक. मी बारीक आवाजाची. मुरबाडजवळ म्हशाची जत्रा भरते, पौषातली, गुराढोरांची. तिथे एका दोरीवर आम्ही दोघी शेजारी शेजारी टांगलेल्या होतो. वारा आला की ती आधी बोलायची, मग मी.

तिथे देवजी आले. शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या पलीकडे डोंगराकडेला एक गाव आहे. नाव सांगत नाही, उगाच कुणाला राग यायला नको. त्या गावचे देवजी सरपंच. त्यांना घंटा हवी होती, पण एकच. विकणारा म्हणाला, जोडीतली एक दिली तर उरलेली कोण घेणार? देवजींनी पुष्कळ गळ घातली आणि शेवटी मी त्यांच्या पिशवीत गेले. दुसरी दोरीवर एकटीच लोंबत राहिली. तिचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. इतकी वर्षं झाली, पण एखादं जनावर लांबून घंटा वाजवत गेलं की माझे कान तिकडे जातात.

देवजींना मी कशाला हवी होते? तर पंचायतीच्या सभेत सगळे एकदम बोलायचे. नऊ सभासद, नऊ तोंडं. ओरडून ओरडून देवजींचा घसा बसायचा. त्यांनी सुताराकडून मला खैराची मूठ बसवून घेतली आणि टेबलावर ठेवलं. माझं काम सोपं होतं. मी वाजले की गप्प बसायचं आणि दुसऱ्यांदा वाजले की तो विषय संपला. मग कुणीही त्यावर अवाक्षर काढायचं नाही. गावात माझा दरारा होता हो! धोंडूबाई ऑफिस झाडायला यायची, ती दर सभेच्या आदल्या दिवशी मला चिंचेनं घासायची. घासताना गावभरच्या गोष्टी बोलायची, समोर मीच असायचे म्हणून मला सांगायची. मला बाहेरचं जे काही कळलं ते बहुतेक तिच्याच तोंडून.

पण सभा महिन्यातून एकदाच. बाकीचे दिवस टेबल, कपाट आणि मी. कागदांना कागद होते, खुर्च्यांना खुर्च्या होत्या. घंटा मात्र ऑफिसात एकच असते.

आता एका नियमाची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. देवजींच्या वेळी एक सभासद होता. पाणी देणारी बोअरिंग आपल्याच दारापुढे पाडावी, असा त्याचा हट्ट. विषय मांडला, पडला. पुढच्या महिन्यात पुन्हा मांडला, पुन्हा पडला. असा अकरा वेळा! लोक कंटाळून सभेला येईनासे झाले. मग देवजींनी नियमाचं पुस्तक काढलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. एकदा नामंजूर झालेला विषय तीन महिने पुन्हा सभेपुढे घ्यायचा नाही. त्याआधी घ्यायचाच असेल, तर नऊपैकी सहा जणांनी तसं लिहून द्यायचं. तो सभासद फार चिडला. देवजी त्याला म्हणाले, "अरे, आंबा पन अढीत घालावा लागतो. मानसाचं मन पिकायला टाइम नको?"

मला ते पटलं. अजूनही पटतं. देवजी गेले, त्यांच्यानंतर चार सरपंच झाले, पण तीन महिन्यांचा तो नियम आमच्या पंचायतीत कुणी मोडला नाही.

मग सुनिल सरपंच झाला. हुशार माणूस, दोन फोन बाळगणारा. स्वभावानं वाईट नव्हता. कुणाच्या घरी आजारपण आलं तर आपली गाडी काढायचा. पण जमिनीच्या व्यवहारात पडलेला. रविवारी कल्याण-ठाण्याकडची मंडळी प्लॉट बघायला यायची, त्यांना हिंडवायचा. त्याच निवडणुकीत वरच्या पाड्यातून दोन बायका राखीव जागांवर निवडून आल्या. एक रविना आणि दुसरी सोमी.

वरचा पाडा आणि गाव यांच्यामध्ये ओहोळ आहे. उन्हाळ्यात पोरं उडी मारून ओलांडतात आणि आषाढ-श्रावणात त्यात म्हैस टिकत नाही. गावाची स्मशानभूमी खालच्या अंगाला, ओहोळाच्या अलीकडे. म्हणजे पावसाळ्यात पाड्यातलं कुणी गेलं, तर पाणी उतरेपर्यंत त्याला घरातच ठेवावं लागायचं. सोमीचा नवरा श्रावणात गेला होता. दीड दिवस तो ओटीवर होता आणि सोमी त्याच्या उशाशी बसून माशा वारत होती. हे तिनं सभेत सांगितलं नाही. धोंडूबाईनं मला सांगितलं.

सोमी दाराजवळच्या खुर्चीवर बसायची. पाय वर घ्यायची सवय, पण सभेत घेत नसे. पहिल्या वर्षी ती बोललीच नाही. दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात उभी राहिली आणि म्हणाली की पाड्याच्या अंगाला, माळावर, मयतासाठी एक शेड बांधून द्या. चार खांब आणि वर पत्रा. बस, एवढंच. तिची सासू गुणाबाई ऐंशीच्या पुढची होती, अंथरुणाला खिळलेली. म्हातारीनं सुनेकडून एकच शब्द घेतला होता, मला माझ्या पोरासारखं ताटकळत ठेवू नको.

रविनानं अनुमोदन दिलं. सुनिलनं कपाळ चोळलं. त्या माळाला लागूनच प्लॉट पाडले होते. स्मशानाशेजारी बंगला कोण बांधणार? हे तो बोलला नाही. निधी नाही, जागा मोजलेली नाही, रस्ता नाही, असं सगळं बोलला. हात वर झाले दोन. विषय पडला आणि सुनिलनं मला उचललं. मी वाजले.

कुणाली मॅडम आमच्या ग्रामसेविका, वाशिंदहून यायच्या. नवीन होत्या, पण कामाला चोख. सभेनंतर त्यांनी सोमीला नियम समजावला. तीन महिने थांबा, सोमीताई, मग परत मांडता येईल. सोमीनं मान हलवली. तिला वाचता येत नव्हतं, पण थांबायचं कसं हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

ते तीन महिने ती गप्प बसली नाही. एकेका सभासदाच्या घरी जायची. नुसती जायची नाही, कामाला हात लावायची. खालच्या आळीतली रंजिता राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला, शेतात होती, तर सोमी दिवसभर तिच्याबरोबर पालापाचोळा पसरत राहिली. निघताना एकच वाक्य बोलली, "माज्या म्हातारीचं तेवडं बग गो." फाल्गुनात, पाडव्याच्या आदल्या दिवशी, विषय दुसऱ्यांदा आला. हात वर झाले चार. विरुद्ध पाच. एका हातानं पडला! पुन्हा मी वाजले. पण त्या दिवशी सोमीच्या तोंडावर मी पहिल्यांदा थोडं हसू बघितलं. देवजींचा आंबा अढीत पिकत होता.

पाड्यात कॅलेंडर होतं, पण ते दुकानदारानं दिलेलं, देवाच्या चित्रासाठी टांगलेलं. सोमी दिवस मोजायची आभाळावर. पाडव्याची आदली रात्र म्हणजे अमावास्या. तिथून तिनं मोजायला सुरुवात केली. चैत्राची अमावास्या एक, वैशाखाची दोन, ज्येष्ठाची तीन. आणि या वेळेत पाचवा हात मिळाला. एक म्हातारे सभासद होते, फार कडक. त्यांनीही मान डोलावली. पाच म्हणजे मंजूर! नऊमध्ये पाच.

मग सोमी कुणाली मॅडमकडे आली. मी टेबलावरच होते, सगळं ऐकलं. जूनची सभा चोवीस तारखेला ठेवायचं चाललं होतं. सोमी म्हणाली, ती जरा आधी घ्या, आवसंला घ्या. पाऊस धरला की आमाला उतरता यायचं नाय. मॅडमना वाटलं, बरोबर आहे, ओहोळ भरण्याआधी घ्यावी. त्यांनी कॅलेंडरात अमावास्या बघितली, अठरा तारीख होती. नोटीस निघाली. सुनिलनं नोटिशीवर सही करताना तारीख वाचली, दोन क्षण थांबला, आणि सही केली. तो का थांबला ते मला तेव्हा कळलं नाही.

सभेच्या दिवशी सोमी नवं लुगडं नेसून आली होती. रविना होती, रंजिता होती, म्हातारे सभासद काठी टेकत आले होते. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नव्हता. पाचही हात त्या खोलीत हजर होते. मी मनात म्हटलं, आज मी आनंदानं वाजेन.

सोमी उभी राहिली आणि सुनिलनं प्रोसिडिंगची वही मॅडमपुढे सरकवली. मागची तारीख वाचा म्हणाला. मॅडमनी वाचलं, एकवीस मार्च. आज अठरा जून. वाचता वाचता त्यांचा आवाज खाली गेला. तीन महिने व्हायला तीन दिवस कमी होते.

सोमीला कळेना. तिनं बोटांची पेरं धरून पुन्हा मोजलं. "आवस ते आवस, तीन भरल्या. आता आनी कुठले तीन दिस?"

मॅडमनी हळू आवाजात समजावलं, की कागदावरचा महिना तीस-एकतीस दिवसांचा असतो, चंद्राचा त्याहून थोडा लहान. तीन महिन्यांत तीन दिवसांचा फरक पडला. सोमीनं बोटांवरची नजर उचलून मॅडमकडे बघितलं.

"कागदावरचा महिना येगळा आनी आभाळातला येगळा, हे मला आदी कोनी सांगितलं नाय, बाई."

सहा जणांनी लिहून दिलं तर आजच घेता येईल, असं मॅडम म्हणाल्या. पण सोमीकडे पाचच होते. तिनं उरलेल्या चौघांकडे एकेक करून बघितलं. एकानं फोन काढला, एक खिडकीतून बाहेर बघू लागला. सुनिल म्हणाला, "नियम हाय, वहिनी. मी केलेला नाय." त्यानं मला उचललं.

मित्रांनो, मी वाजले. माझ्या मनाला विचारून कुणी मला वाजवत नाही. तरीही सांगते, त्या दिवसाचा माझा आवाज मला आजही सहन होत नाही. सभा चोवीसलाच राहिली असती तर विषय मंजूर होता. बिचारीनं स्वतःच्या तोंडानं ती अलीकडे ओढून घेतली. सगळे गेल्यावर कुणाली मॅडम एकट्याच बसून होत्या. त्यांनी कॅलेंडरावर बोट ठेवून दिवस मोजले, मग पुन्हा मोजले. "मी विचारायला हवं होतं, अमावास्याच का म्हणून," असं त्या कुणाला म्हणाल्या कोण जाणे. खोलीत मी एकटीच होते.

विषय त्या दिवशी पडला नव्हता, नुसता घेतला गेला नव्हता. म्हणून पुढच्या सभेत तो येणार होता. पण पुढची सभा जुलैत. ओहोळ दोन्ही काठ भरून वाहत होता. सोमी आणि रविना काठापर्यंत येऊन परत गेल्या. सूचक गैरहजर, विषय पुढे ढकलला. ऑगस्टमध्येही तसंच झालं. दाराजवळची खुर्ची रिकामी होती. धोंडूबाईनं ती सभेनंतरही पुसली.

श्रावणात गुणाबाई गेली.

हे सांगताना धोंडूबाईचे हात चिंचेत तसेच थांबले होते. पाऊस सारखा कोसळत होता. पाड्यात मोबाइलला रेंज येत नाही, पावसात तर नाहीच. पाड्यातली माणसं ओहोळाच्या काठी आली आणि ओरडून सांगू लागली. पाण्याच्या आवाजापुढे काय ऐकू येणार? अलीकडच्या काठावर पाणी बघायला आलेली माणसं उभी होती, त्यात सुनिलही होता. त्यांना वाटलं, पाड्यातले लोक मजेत हाका मारतायत. त्यांनीही हात हलवले. सुनिलनं छत्री उंच करून हलवली. पलीकडची माणसं जरा वेळ तशीच उभी राहिली आणि मग माघारी गेली.

तिसऱ्या दिवशी पाणी गुडघ्यावर आलं, तेव्हा म्हातारीला खांद्यावर घेऊन पाडा खाली उतरला. तेव्हा गावाला कळलं. सुनिलला कळलं की आपण कशाला छत्री हलवत होतो. तो स्मशानात शेवटपर्यंत उभा होता म्हणे.

गौरी-गणपती झाल्यावर सप्टेंबरची सभा भरली. सोमी आली. जुनंच लुगडं होतं. विषय वाचला गेला, मुदत केव्हाच भरली होती. हात वर झाले पाच. सुनिलचा हात खालीच राहिला, खोटं कशाला सांगू. पण "मंजूर" हा शब्द त्यानं स्वच्छ उच्चारला. मग सवयीनं त्याचा हात माझ्या मुठीवर आला. मला वाजायचं होतं हो! आयुष्यात एकदा मला तिच्यासाठी वाजायचं होतं. त्यानं मला थोडं उचललं, सोमीकडे बघितलं, आणि आवाज होणार नाही असं खाली ठेवलं.

सोमी खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. तिच्या डोळ्यांत आनंद नव्हता. ज्या माणसासाठी धावाधाव केली ते माणूसच राहिलं नव्हतं. मॅडमनी शाई लावून सहीच्या जागी तिचा अंगठा घेतला आणि तिचा हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

त्यानंतर एक छोटी गोष्ट बदलली. कुणाली मॅडम सभेच्या नोटिशीवर तारखेखाली तिथीही लिहू लागल्या. कुणी विचारलं की नुसतं म्हणायच्या, लागते.

पुढच्या उन्हाळ्यात माळावर शेड उभी राहिली. चार खांब आणि वर पत्रा. त्याच सुमारास पंचायतीची नवी इमारत झाली आणि तिथे बटण दाबलं की वाजणारी घंटा आली. मी कपाटात गेले, रद्दी पावतीबुकांच्या मागे. धोंडूबाई थकून घरी बसली होती. चिंच नाही, बोलणं नाही. पितळ काळं पडतं ते आधी आतून पडतं, हे मला तेव्हा कळलं. आपल्या जोडीतली दुसरी निदान बैलाच्या उबेत असेल, असं म्हणून मी दिवस काढले.

एके दिवशी सुनिलनं कपाट उघडलं. मला शर्टाच्या बाहीनं पुसलं, माझी लाकडी मूठ काढून टाकली आणि मोटारसायकलच्या डिकीत टाकून ओहोळापलीकडे नेलं. शेडच्या आडव्या पाइपाला त्यानं मला जाड तारेनं बांधलं. सोमी बाजूच्या शेतातून येऊन उभी राहिली. तिनं विचारलं नाही, तरी तो म्हणाला, "वहिनी, पावसात कोनी गेलं तर ही वाजवा. हिचा बारीक आवाज पान्यावरून खाली येईल. आमी अलीकडं तरी येऊन उभं राहू." बोलताना त्याची नजर माझ्याकडेच होती. सोमीनं त्याला तांब्याभर पाणी दिलं. तो प्यायला आणि गेला.

तेव्हापासून मी इथे आहे. बैलासाठी जन्मले, सभेत राबले आणि आता पाड्याच्या स्मशानात टांगलेली. इथे कुणी सहज म्हणून येत नाही. प्लॉटवर बंगले झाले नाहीत, तिथे गवत वाढलंय. वाऱ्यानं मी उगीच वाजू नये, खाली कुणी दचकून धावू नये, म्हणून सोमीनं आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी माझ्या लोलकाला गुंडाळून बांधली आहे. गरज पडेल तेव्हाच सोडायची. दोन पावसाळे झाले, ती अजून सुटलेली नाही. मी कधीच वाजू नये असं पाड्याला वाटतं. मलाही तसंच वाटतं. पण मुकं राहणं सोपं नसतं, मित्रांनो. दिवस फार मोठे असतात.

तुम्ही उद्या मोठे व्हाल. कुठल्या तरी टेबलापाशी बसाल आणि एखादी घंटा तुमच्याही हातात येईल. नियम मोडा, असं मी सांगणार नाही. देवजींनी मला तसं शिकवलं नाही. थांबायला लावणारा नियमही कधीकधी चांगलाच असतो. पण समोरचं माणूस दिवस कशावर मोजतंय, एवढं घंटा उचलण्याआधी विचारा. विचारायला किती वेळ लागतो? तीन दिवस तर नाही लागत.

दर अमावास्येला सोमी इथे येते. शेड झाडते. तिच्याकडे चिंच नसते, पदरानंच मला पुसते. चिंधीची गाठ घट्ट आहे ना, हे हात लावून बघते. मग खांबाला टेकून, पाय वर घेऊन बसते आणि बोटांची पेरं मोजते. आता तिला कशासाठीही दिवस मोजायचे नाहीत, तरी मोजते.

आज चतुर्दशी. ती उद्या येईल.